पार्ल्याचा मेंडोलिनवाला

वाशीमला लग्नसराईत रात्री लवकर झोपायचं म्हटलं तरी जमत नाही. आमचं घर अगदी रस्त्यालगत. वरात चौकात वळली की आधी खिडकीच्या काचा थरथरतात, मग ढोल-ताशा कानावर येतो आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या वर एक चिरका, गोड, थोडासा नाकात बोलल्यासारखा सूर तरंगत येतो. बँजो! हातगाडीवर कर्णे, मागे जनरेटर, आणि गाडीला धरून चालणारा एखादा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. नवरदेवाचे मित्र समोर घामाघूम होऊन नाचताहेत आणि याचं लक्ष मात्र फक्त बटणांवर.

असाच एक पोरगा आमच्या बचत गटातल्या एका बाईचा. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. ती सोंगणीच्या दिवसांत सोयाबीनच्या वावरात जाते, एरवी गटात पापड-कुरडया करते. पोराने नववीनंतर शाळा सोडली आणि बँजो पार्टीत जायला लागला. रात्रीचे पैसे सकाळी आईच्या हातात देतो, वाईट नाद नाही. तरी ती माझ्याकडे आली, ताई, तुम्हीच त्याला समजावा म्हणून. समजावणं हे आम्हा समाजकार्य करणाऱ्या बायांचं हक्काचं काम! गेले.

बोलायला सुरुवात कुठून करायची म्हणून मी त्याच्या वाद्याकडे बोट दाखवलं आणि माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, अरे, हा काही बँजो नाही, याचं खरं नाव बुलबुलतरंग. तो हसला. त्याचं म्हणणं, पार्टीच्या फलकावर बुलबुलतरंग लिहिलं तर वाशीम-रिसोडच काय, मालेगाव-मंगरूळपीरकडचीही एक ऑर्डर येणार नाही. आणि खरंच आहे हो. खरा बँजो म्हणजे अमेरिकेतलं, डफासारखं कातडं ताणलेलं तंतुवाद्य. आपल्याकडच्या बँजोचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मूळचं जपानी. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली कोतो या मोठ्या वाद्यावरून, टाइपरायटरची कल्पना घेऊन, हे छोटं वाद्य केलं. त्या वर्षी जपानात ताइशो युग सुरू झालं म्हणून ते ताइशोगोतो. आपल्याकडे आलं आणि बुलबुलतरंग झालं. बलुचिस्तानात त्याला बेंजू म्हणतात. आणि आमच्या वऱ्हाडात, खाली पिकअप लावून कर्ण्याला जोडलं की तो बँजो!

वाजवणारे लोक वाद्याला काय म्हणतात ते शब्दकोशात शोधू नये, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्याकडे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, तो कॅसिओच.

घरी आले आणि मनात एकच माणूस घोळायला लागला. त्या पोराच्या बँजोवर जी गाणी वाजतात, त्यातली कितीतरी ज्याची आहेत, आणि जो स्वतः दहाव्या वर्षी असंच एक तारांचं वाद्य घेऊन पोटासाठी उभा राहिला होता, तो लक्ष्मीकांत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडनावातला पहिला. पुष्कळांना तर ते एकाच माणसाचं नाव वाटतं. माझ्या सासूबाईंना वाटायचं.

लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर. जन्म ३ नोव्हेंबर १९३७, दिवाळीतला. लक्ष्मीपूजनावरून नाव लक्ष्मीकांत ठेवलं असं सांगतात. नावात लक्ष्मी आली, घरात काही आली नाही. वडील लेकरं लहान असतानाच गेले. मुंबईत विलेपार्ल्याच्या पूर्वेकडच्या झोपडवस्तीत हे कुटुंब राहत होतं. पार्ले पूर्व म्हटलं की आपल्याला टिळक मंदिर, साहित्यिक, आणि २०१६ पर्यंत चालू असलेल्या बिस्किटाच्या कारखान्याचा वास आठवतो. त्याच पार्ल्यात हेही एक घर होतं. शाळा अर्धवटच राहिली.

वडिलांचे एक मित्र गाण्याबजावण्यातले होते. त्यांनी सुचवलं की पोरांनी वाद्य शिकावं. थोरल्याने तबला घेतला, लक्ष्मीकांतने मेंडोलिन. मी यावर बराच विचार केला. आज कुणी माझ्याकडे येऊन सांगितलं की एका विधवा बाईच्या दोन पोरांना शाळेऐवजी तबला आणि मेंडोलिन द्या, तर मी त्या माणसाला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण त्या मित्राला बहुतेक हिशेब कळत होता. एक सुराचं वाद्य आणि एक तालाचं, दोन भाऊ मिळून एक छोटा कार्यक्रम होतो. बाहेरचा साथीदार नको, त्याला द्यायचे पैसे नकोत.

मेंडोलिन तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. इटलीत, नेपल्सकडे वाढलेलं वाद्य. नासपतीच्या आकाराचं, पोराच्या काखेत सहज बसेल एवढं. तारा आठ, पण त्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकाच सुरात लावलेली. तार छेडली की सूर लगेच विरतो, सतारीसारखा रेंगाळत नाही. म्हणून लांब सूर हवा असेल तर नखी खालीवर इतक्या भराभर हलवायची की ऐकणाऱ्याला तो एकच थरथरता सूर वाटावा. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ (१९९५) मध्ये शाहरुख खान मोहरीच्या शेतात जे हातात धरून उभा आहे, तेच हे. ती थरथर म्हणजेच मेंडोलिनचा जीव. मनगट मात्र दुखून येतं.

लक्ष्मीकांत दोन वर्षं हुसेन अली या नावाजलेल्या मेंडोलिनवादकाच्या सहवासात राहिला. पुढे बाळमुकुंद इंदोरकरांकडे मेंडोलिन शिकला आणि हुस्नलाल-भगतराम या संगीतकार जोडीतल्या हुस्नलालजींकडे व्हायोलिन. शिकता शिकता कार्यक्रम करायचे, चार पैसे आणायचे. ‘भक्त पुंडलिक’ (१९४९) आणि ‘आँखें’ (१९५०) या सिनेमांत बालकलाकार म्हणूनही उभा राहिला. जे मिळेल ते काम. गरिबाघरचं पोर असं चहूकडे हात मारतं, त्याला आपण उगाच हौस म्हणतो.

आणि मग तो कुलाब्याच्या रेडिओ क्लबमधला कार्यक्रम. लता मंगेशकर गात होत्या आणि साथीला मेंडोलिन घेऊन हा दहाएक वर्षांचा मुलगा. कार्यक्रम संपल्यावर लताबाईंनी त्याची चौकशी केली. मैत्रिणींनो, माझ्या मते या सगळ्या कहाणीतला हाच क्षण. स्टेजवर वाद्यं वाजवणाऱ्यांची आपण कधी चौकशी करतो का? गाणाऱ्याचं नाव जाहिरातीत, वाजवणाऱ्यांचं कुठेच नाही. त्या काळच्या रेकॉर्डवर तर नाहीच नाही. लताबाईंनी विचारलं, याचं मला नवल वाटत नाही. १९४२ साली मास्टर दीनानाथ गेले तेव्हा त्यांनाही तेरावं पूर्ण व्हायचं होतं, पाठीवर चार भावंडं, आणि तेव्हापासून त्या कमवायला लागल्या. बापाविना पोराच्या हातातलं वाद्य कसलं असतं ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मंगेशकर कुटुंबीयांचं मुलांसाठी सुरील कला केंद्र होतं, तिथे लक्ष्मीकांतला प्यारेलाल भेटला. प्यारेलाल रामप्रसाद शर्मा, जन्म ३ सप्टेंबर १९४०, म्हणजे तीन वर्षांनी लहान. वडील ट्रम्पेट वाजवणारे, घर तसंच ओढगस्तीचं. तो व्हायोलिनवाला. आता गंमत बघा, मेंडोलिन आणि व्हायोलिन यांच्या तारा एकाच सुरांत लावतात. एक नखीने वाजतं, एक गजाने, पण डाव्या हाताची बोटं दोन्हीकडे त्याच जागी पडतात. दोन पोरं निराळी वाद्यं घेऊन बसली तरी बोटांची भाषा एकच. पुढे पस्तीस वर्षं एका नावाने काम करायला याहून चांगली सुरुवात कोणती?

दोघांची परिस्थिती कळल्यावर लताबाईंनी नौशाद, सचिनदेव बर्मन, सी. रामचंद्र यांच्याकडे त्यांची शिफारस केली. दोघं या स्टुडिओतून त्या स्टुडिओत वाजवत हिंडू लागले. पैसे पुरेनात म्हणून मद्रासलाही जाऊन आले, तिथेही तेच. एकदा तर प्यारेलालने व्हिएन्नाला जाऊन तिथल्या मोठ्या वाद्यवृंदात वाजवायचं मनात घेतलं होतं. लक्ष्मीकांतने त्याला जाऊ दिलं नाही. मित्राचं पाऊल असं अडवणं बरं की वाईट, हे त्या वेळी कुणाला कळतं! १९५३ पासून १९६३ पर्यंत दोघांनी कल्याणजी-आनंदजींकडे सहाय्यक म्हणून काढली. दहा वर्षं, मैत्रिणींनो. आमच्याकडे शिवणक्लासला आलेली मुलगी दहा दिवसांत विचारते, ताई, मशीन कधी मिळणार.

या कल्याणजींची एक गोष्ट मला त्या बँजोवाल्या पोराला सांगायचीच होती. ‘नागिन’ (१९५४) मधली ती सुप्रसिद्ध बीन, जिच्याशिवाय आजही वरात पुढे सरकत नाही आणि कुणीतरी रुमाल तोंडात धरून जमिनीवर लोळतोच, ती मुळात बीनच नव्हती! कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवली, जोडीला रवी यांची हार्मोनियम. सत्तर वर्षं आपण तिला बीन म्हणतोय आणि ती बीनच राहणार. पोराने हे ऐकलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की आता ताई आपल्या बाजूने आली.

१९६३ साली ‘पारसमणी’ आला, आणि पडद्यावर पहिल्यांदा ते जोडनाव दिसलं. इथून पुढे लक्ष्मीकांतला अहोजाहो करायला हवं. पुढच्याच वर्षी ‘दोस्ती’. मोठा नट नाही, नटी नाही. मुंबईच्या फुटपाथवरची दोन अनाथ मुलं, एक आंधळा गाणारा, एक लंगडा बाजा वाजवणारा, गाऊन-वाजवून पोट भरतात. ही गोष्ट स्वरबद्ध करताना या दोघांना कुठे दूर बघावं लागलं नसेल. त्यातला माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवला होता, तेही तेव्हा नव्यातलेच. त्या वर्षी समोर शंकर-जयकिशन यांचा ‘संगम’ आणि मदनमोहन यांचा ‘वह कौन थी’ असताना फिल्मफेअर पारितोषिक ‘दोस्ती’ला मिळालं. पुढे अशी एकूण सात झाली. त्यांतली शेवटची चार तर ओळीने, ‘अमर अकबर अँथनी’, ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’, ‘सरगम’ आणि ‘कर्ज’. त्यातल्या अँथनीचं गोन्साल्विस हे आडनाव प्यारेलालजींच्या व्हायोलिनच्या गुरूंचं, गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. वाद्यवृंदात मागे बसलेल्या एका माणसाचं नाव त्या सिनेमामुळे १९७७ पासून देशभर वाजतंय.

सिनेमे पाचशेच्या आसपास. ते सगळे सांगत बसत नाही, यादी तुम्हाला पाठ आहे. ढोबळमानाने चाल लक्ष्मीकांतांकडे आणि वाद्यांची मांडणी प्यारेलालजींकडे, असं काम चालायचं. शंभर-शंभर वादक स्टुडिओत बसवले तरी खाली ढोलक असायची. आमच्या बँजोवाल्यांना ही गाणी सोपी जातात याचं कारण मला तरी तेच वाटतं. पन्नास व्हायोलिनं काढून टाका, ढोलक आणि चाल शिल्लक राहते, आणि तेवढ्यावर वरात नाचते. ‘तेजाब’ (१९८८) मधलं ते आकडे मोजणारं गाणं आमच्या दारावरून किती वेळा गेलं असेल, मोजदाद नाही.

मेंडोलिन मात्र मागे पडलं. संगीतकार झालेला माणूस वाद्य घेऊन बसायला वेळ कुठून काढणार? आणि या वाद्याची पहिल्यापासून एक अडचण आहे, अंग लहान म्हणून आवाज लहान. स्टुडिओत माइक जवळ धरता येतो, मोठ्या गर्दीत ते बुडून जातं. म्हणून जगभर लोकांनी त्याला वीज जोडली. तारांखाली चुंबकाचा पिकअप ठेवला की पोलादी तारेची थरथर विजेत उतरते आणि कर्ण्यातून मोठी होऊन निघते. मग पोकळ पोटाची गरज उरत नाही, भरीव लाकूडही चालतं. जोडतारांऐवजी एकेरी तार लावली की ती ओढून मींडही काढता येते. अमेरिकेत फेंडर कंपनीने १९५६ साली असं चार एकेरी तारांचं वाद्य काढलं. कंपनीने त्याचं सरळ नाव इलेक्ट्रिक मेंडोलिन ठेवलं, वाजवणाऱ्यांनी त्याला मँडोकास्टर करून टाकलं. ब्राझीलमध्ये साल्वादोर गावात दोदो आणि ऑस्मार या दोघा मित्रांनी मेंडोलिनसारखंच लावलेलं आपलं भरीव लाकडी वाद्य १९५० च्या कार्निव्हलमध्ये जुन्या फोर्ड गाडीवर कर्णे बांधून रस्त्यात वाजवलं. त्याला ते पाऊ एलेत्रिको म्हणत, म्हणजे विजेचं लाकूड! पुढे तेच गितारा बायाना झालं, बाहिया प्रांताची गिटार. पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडेही बँजो पार्टी आहे म्हणायची. आणि आपल्या आंध्रात जन्मलेल्या उप्पलपू श्रीनिवासने (१९६९-२०१४) पाच एकेरी तारांचं विजेचं मेंडोलिन घेऊन कर्नाटक संगीताच्या मैफली गाजवल्या. सुरुवातीला जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली. शेवटी लोकांनी वाद्याचं नावच त्याच्या नावाआधी लावलं, मेंडोलिन श्रीनिवास.

लक्ष्मीकांतांच्या नावाआधी मेंडोलिन लागलं नाही. जुहूला बंगला झाला, त्याचं नाव त्यांनी पहिल्या सिनेमावरून ‘पारसमणी’ ठेवलं. पूर्व पार्ल्याची वस्ती आणि जुहू यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ आणि थोडा रस्ता, एवढंच अंतर. ते ओलांडायला त्यांना पंचवीस-तीस वर्षं लागली. मूत्रपिंडाच्या आजाराने २५ मे १९९८ रोजी ते मुंबईत गेले, वय साठ. ती तारीख माझ्या लक्षात राहायचं कारण आमचं घरगुती आहे. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १ जुलैला अकोल्यातून आमचा वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि गावातल्या मिरवणुकीत सगळी एलपींचीच गाणी वाजत होती. पुढे प्यारेलालजींनी काम केलं तेव्हाही नाव दोघांचंच लावलं. लक्ष्मीकांत पहिले, मग प्यारेलाल.

हे सगळं मी त्या मायलेकांना एका दुपारी सांगितलं. त्या वेळी ती पापड लाटत होती. एवढी मोठी कहाणी ऐकून तिने एकच विचारलं, तो कमवायला लागला तेव्हा केवढा होता म्हणून. मी म्हटलं, दहा-बारा वर्षांचा. तिचं लाटणं जरा वेळ थांबलं. सात पारितोषिकं, पाचशे सिनेमे, बंगला, यातलं काही तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मला तेव्हा माझीच थोडी लाज वाटली. आपण यशाची गोष्ट सांगतो ती शेवटाकडून. ती ऐकत होती सुरुवातीकडून. एका लक्ष्मीकांतामागे त्याच वस्तीत, तशीच वाद्यं घेतलेली किती पोरं असतील आणि त्यांची कुणी चौकशी केली नसेल, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

म्हणून मी पोराला बँजो सोड असं सांगितलं नाही, पण सोडलंही नाही. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणला. कुरकुर झाली, गणिताचं नाव काढल्यावर तर फारच. शेवटी असं ठरलं की वरात असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी, बाकी रोज दोन तास आमच्या घरी. माझा नवरा गणित शिकवणार, मराठी-इतिहास माझ्याकडे. गणपतीच्या ऑर्डरी त्यांच्या पार्टीला आधीच लागल्यात, संदलवाल्यांशी चढाओढ आहे, तेव्हा ते दहा दिवस शिकवणी बंद हे त्याने लेखी घेतलंय माझ्याकडून.

परवा फॉर्मवर सही करायला आला तेव्हा वाद्याची पेटी बरोबर होती. पेटीवर त्याने पांढऱ्या रंगाने ठळक अक्षरात लिहिलंय, बँजो. माझ्या मर्जीखातर त्याखाली बारीक, बुलबुलतरंग. आणि त्याच्याही खाली, कोपऱ्यात, स्वतःचं नाव.